अध्यक्षांचं कडवं

सणांची गाणी लिहिणाऱ्याला सण नसतो. गणपतीची गाणी मी आंब्याच्या दिवसांत लिहितो, देवीची पावसाळ्यात. आणि लोक गोडधोड खात असतात तेव्हा मी लाउडस्पीकरखाली उभा राहून कुठली ओळ पडते ते ऐकत असतो.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. बांबू-कागदाच्या त्या बाईसोबत गावाची इडापीडा बाहेर नेऊन जाळायची. गाण्यात एकेका पीडेचं नाव घेतलं की रस्ता ओरडतो, ‘घेऊन जा गे मारबत.’ बाकी मंडळांनी केव्हाच हिंदी डीजे लावले. माझ्याकडून गाणं मागणारं आमच्या वस्तीचं हे एकच मंडळ उरलंय.

यंदाच्या नव्या अध्यक्षांना गाण्यात स्वतःवर एक कडवं हवं होतं. मी लिहिलं: दिलदार, कर्तबगार, वस्तीचा आधार. रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी मला हार घातला.

पोळ्याच्या दिवशी बायको पुरण वाटता वाटता माझ्या मोबाइलवर ते गाणं ऐकत होती. डेंग्यू गेला, महागाई गेली, अध्यक्षांचं नाव आलं आणि ती सवयीनं म्हणाली, ‘घेऊन जा गे मारबत.’

मी मोबाइल बंद केला.

“काहून बंद केलं?”

“त्यांच्या नावापुढे आरोळी नाही लिहिली मी.”

“लिहाले कायले पाहिजे? नाव आलं का तोंडातून निघतेच. आता अख्ख्या रस्त्याले समजावत फिरान काय?”

स्टुडिओ सणाचा बंद. अध्यक्षांना फोन करावा, तर ‘उद्या लोक तुम्हालाही जाळायला पाठवतील’ हे सौम्यपणे सांगण्याइतकी माझी भाषा चांगली नाही. हे मंडळही गेलं, असं धरून मी रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी ट्रकमागे चालताना त्यांचं कडवं आलं. रस्ता ओरडला, महागाईलाही ओरडला नव्हता इतक्या मनापासून. ट्रकवर अध्यक्ष दोन्ही हात वर करून सगळ्यांबरोबर ओरडत होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी खाली बसून उचलला.

“कविराज, पब्लिकनं काय आवाज देल्ला गा. पुढच्या साली माह्यं नाव दोनदा टाका.”

मी बरं म्हणालो. मंडळ राहिलं. मिरवणुकीच्या व्हिडिओचे तुकडे मात्र त्यांचा भाचा अजून जोडतोय; त्यात ती आरोळी शब्दन् शब्द ऐकू येणार. फोन वाजला की मी आधी बायकोला उचलायला सांगतो.