कप्तानाचं उलटं जहाज

त्याला कप्तान म्हणत, पण त्या माणसाने जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. पाण्याची त्याला अशी धास्ती, की तळ्याच्या काठाने चालतानासुद्धा तो आतल्या बाजूने चाले आणि बायकोला पाण्याच्या बाजूला ठेवी. "वा रे कप्तान," ती म्हणायची, "बुडाले तर मी बुडेन, तुम्ही शिट्टी वाजवा." तो सुतार होता, आणि कप्तान हे नाव त्याला एका खोलीमुळे पडलं होतं.

तळ्याकाठी एक रिसॉर्ट होतं. त्यातल्या बऱ्याच खोल्या चारचौघींसारख्या, पण काही खोल्या हौसेने सजवलेल्या. एक जंगलाची, एक राजवाड्याची, एक गुहेची आणि एक जहाजाची. जहाजाची खोली या सुताराने केलेली. खोलीच्या मधोमध जहाजच होतं, आणि त्याच्या पोटात गादी घातलेली. भिंतींना गोल खिडक्या, कपाटाला पेटाऱ्याची दारं, छतापासून दोरखंडाच्या शिड्या. दाराजवळ एक उंच ओटा, ओट्यावर खांब आणि खांबाला सुकाणूचं मोठं चाक. ते चाक खरोखर फिरायचं. पाहुण्यांची मुलं रडून झोपेपर्यंत त्याला लोंबकळायची.

सगळं झकास होतं. फक्त जहाज उलटं होतं.

म्हणजे बूड वर नव्हतं, तोंड उलटं होतं. चाक धरून उभं राहिलं की जहाजाचं टोक समोर, खिडकीकडे असायला हवं. ते होतं चाकाकडे. कप्तानाच्या बेंबीवर रोखल्यासारखं. चाक फिरवणारा पुढे बघणार आणि जहाज मागे येऊन त्याच्याच पोटात शिरणार, असा सगळा कारभार.

हे घडलं साध्या सवयीने. जहाज अंगणात जोडलं होतं आणि खिडकीची चौकट बसायच्या आधी त्या भोकातून आत सरकवायचं होतं. लाकूड आत घालायचं म्हटलं की निमुळती बाजू आधी घालायची, हे सुताराच्या हाताला शिकवावं लागत नाही. त्याने घातली. चार गड्यांनी ढकललं, जहाज अलगद आत गेलं, आणि बुडाला खिळे ठोकून झाल्यावर तो ओट्यावर चढून चाकाशी उभा राहिला तेव्हा कुठे त्याला दिसलं, की टोक आपल्याकडेच आलंय. खोली अरुंद. जहाज आत फिरवायला जागा नाही. चाकाच्या खांबातून दिव्याच्या तारा गेलेल्या, ओट्याला फरशी बसलेली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, म्हणजे खिळे उपटून पुन्हा बाहेर काढायलाही वेळ नाही. 'राहू दे, कोणाला कळतंय,' असं तो मनाशी म्हणाला आणि खिडकीची चौकट बसवून टाकली.

उद्घाटनाला मालकांनी कुठूनशी आणलेली खलाशाची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. "हा आमचा कप्तान," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. त्याची मुलगी तेव्हा शाळेत जाणारी, ती ओट्यावर चढून चाक गरागरा फिरवत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "हे माझ्या बाबांनी केलंय." आणि टोपी घातलेले बाबा घामाने डबडबले होते. लोकांना वाटलं, लाजाळू माणूस आहे बिचारा.

तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. रस्त्याने कोणी "काय कप्तान" म्हटलं की त्याला आतून टोचायचं. समोरचा खरंच हाक मारतोय की थट्टा करतोय, हे तो डोळे बारीक करून पाहायचा. तशी त्याने पुढे उत्तम कामं केली. लोकांचे जिने केले, देवळाची दारं केली, एका डॉक्टरीणबाईंना औषधांचं असं फिरतं कपाट करून दिलं की त्या अजून नाव काढतात. पण त्याला नावाजलं ते एकाच कामासाठी, आणि तेच नेमकं फसलेलं. याची लाज त्याने कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. लाज सांगून टाकली असती तर घरात दोन दिवस हसणं झालं असतं आणि विषय संपला असता. पण ही माणसं अशीच. खिळा वाकला तर उपटून सरळ करतील, मनातलं मात्र तसंच ठोकून ठेवतील.

मुलगी मोठी झाली आणि त्याच रिसॉर्टात खोल्यांच्या साफसफाईच्या कामाला लागली. बघता बघता तिथली मुख्य झाली. हाताखाली बायकांची फौज, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चादरीवर एक सुरकुती दिसली तर कोणाची खैर नाही. आणि एके दिवशी रिसॉर्टचं सगळं नूतनीकरण करायचं ठरलं.

नव्या मॅनेजरने सगळ्यांना नाश्त्यानंतर जेवणघरात बोलावलं. कप्तानालाही निरोप होता. शहरातून सजावटीच्या बाई आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"माणूस इथे विश्रांतीला येतो," त्या म्हणाल्या. "जंगलाच्या खोलीत डोळे उघडले की अंगावर माकड. गुहेत दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. त्या काळी लोकांना मजा वाटली असेल. आता फिक्या भिंती, मोकळी जागा, बाहेर तळं दिसलं पाहिजे."

मग मुलगी उभी राहिली.

"माकड काढा, माझी हरकत नाही," ती म्हणाली. "गुहासुद्धा बुजवा, तिथल्या कोळ्यांनी आम्हाला वैताग आणलाय. पण जहाज राहू द्या. साफसफाईला सगळ्यात कटकटीची खोली तीच आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. ते दोरखंड झटकताना आमच्या शिंका तळ्यापलीकडे ऐकू जातात. तरी सांगते. फोन करणारा पहिलं विचारतो, जहाजाची खोली रिकामी आहे का? फिक्या भिंती लोकांच्या घरी आहेत. त्या बघायला ते एवढ्या लांब कशाला येतील?"

बायका हसल्या. मॅनेजरही हसला. सजावटीच्या बाईंनी सुद्धा मान हलवली.

"आणि एक," मुलगी म्हणाली, "दाराशी एक पाटी लावा. कोणी केलं, कधी केलं. बाबांचं नाव आणि फोटो. एवढी वर्षं कोणी लावली नाही."

हे म्हणताना तिने बापाकडे बघितलं. तिचा चेहरा शाळेतल्या बक्षिसाच्या वेळी व्हायचा तसा झाला होता.

कप्तानाच्या मात्र पाचावर धारण बसली. पाटी. नाव. फोटो. म्हणजे आता येणारा प्रत्येक जण आधी पाटी वाचणार आणि मग नीट डोळे उघडून जहाज बघणार. त्यात एखादा खरा खलाशी निघणार. तो ओट्यावर चढणार, चाक धरणार, आणि पोट धरून हसणार. मग मुलगी ज्या तोंडाने आज बोलतेय, त्या तोंडाने काय करील? तिच्यासाठीच नको, असं त्याने स्वतःला पटवलं. स्वतःला पटवायला फार वेळ लागत नाही.

मॅनेजर म्हणाला, "मला पटतंय. लाकूड धड असेल तर ठेवू. कप्तान, करणारे तुम्ही. तुमचा शब्द शेवटचा."

"तोडा," कप्तान म्हणाला. "आतून वाळवीने पोखरलंय."



"पण बाबा," मुलगी म्हणाली, "परवाच गादी काढून मी आतून पुसून घेतलं. कुठे भुसा नाही, काही नाही..."

"तुला काय कळतं लाकडातलं? तू आपली फडकी बघ."

हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि ते परत घ्यायची सोय नव्हती. तिच्या हाताखालच्या बायका तिथेच बसल्या होत्या. मुलगी खाली बसली. तिने किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेतला आणि एकेक किल्ली सरळ करत राहिली. मॅनेजर घसा खाकरून म्हणाला की मग प्रश्नच मिटला. करणारा माणूसच म्हणतोय म्हटल्यावर काय.

घरी जेवताना बायकोने विचारलं, "वाळवी कधी लागली हो? मला बोलला नाहीत." तो म्हणाला, लागते. मुलगी ताटातलं संपवून उठली आणि तिने स्वतःचं ताट घासून ठेवलं. एरवी त्या घरात बापलेकींची ताट घासण्यावरून रोज जुंपायची.

तोडायचं काम त्याने स्वतःकडे मागून घेतलं. दुसऱ्या कोणी लाकूड उघडलं असतं तर वाळवीचं बिंग फुटलं असतं. एकट्याने दार लावून तो कामाला बसला. लाकूड असं खणखणीत होतं की करवत कुरकुरत होती. एकेक फळी निघताना त्याला आपलाच जुना हात दिसत होता, कसा सांधा बसवला होता, कुठे पाचर मारली होती. चांगलं काम होतं. तोंड उलटं, पण काम चांगलं होतं. त्याने जहाजाचं टोक मुळापासून कापलं, म्हणजे आता पुन्हा विचार करायला जागाच नको.

तेवढ्यात दार ढकलून इस्त्रीवाली आत आली. म्हातारी, रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासूनची.

"कप्तानभाऊ, चाक मला द्या हो," ती म्हणाली. "नातवंडांना अंगणात लावीन. उलट्या जहाजाचं चाक म्हणून सांगीन."

त्याचा हात थांबला. "कसल्या जहाजाचं?"

"उलट्या. आम्ही सगळे तेच म्हणतो की. पाहुणेसुद्धा. 'मागे जाणारं जहाज द्या' असं सांगूनच खोली मागतात कितीतरी जण. एक मास्तर होते, दर सुट्टीला यायचे. म्हणायचे, इथे झोपलं की माणूस मागे मागे जात लहान होतो. तुमची लेक तर नव्या बाईला पहिल्या दिवशी हेच दाखवते. ओट्यावर उभं करते आणि म्हणते, बघ, माझ्या बाबांचं जहाज. कप्तानाला पाण्याची भीती ना, म्हणून ते पुढे जातच नाही." म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "तुम्ही मुद्दाम केलं होतंत ना तसं?"

कप्तानाने खाली पाहिलं. त्याच्या पायाशी कापलेलं टोक पडलं होतं. इतकी वर्षं जे तो जिवापाड झाकत होता, ते सगळ्या जगाने बघितलं होतं आणि त्याचं कौतुक केलं होतं. झाकणारा तेवढा एकटाच. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इस्त्रीवाली चाक घेऊन गेली आणि थोड्या वेळाने मुलगी आली, पडदे उतरवायला. तिने फळ्यांचा ढीग बघितला. वाकून एक फळी उचलली, नखाने दाबून बघितली, कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. लाकूड पिवळंधमक होतं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. "तोंड उलटं आहे ते?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." तिने फळी पुन्हा ढिगावर नीट ठेवली. "म्हणून मी तुमच्यासमोर कधी विषयच काढला नाही. बायकांनाही दम देऊन ठेवला होता."

तो काहीतरी बोलणार होता. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या हातात पडदे होते, ते धुवायला जायचे होते, आणि ती गेली. मॅनेजरकडे जाऊन 'माझ्या बापाने खोटं सांगितलं' असं ती सहज म्हणू शकली असती. गेल्या आठवड्यापासून तिथल्या बायका तिच्या शब्दावर तोंड लपवून हसत होत्या. तिने एक शब्द काढला नाही.

खोली नवी झाली. फिक्या भिंती, मोठी खिडकी, तळं दिसतं. वाईट दिसत नाही. जंगलाची खोली मात्र माकडासकट राहिली, कारण तिच्याविरुद्ध खोटं बोलणारं कोणी नव्हतं.

सुट्ट्या लागल्यावर एका कपाटाची बिजागरी बसवायला कप्तान तिकडे गेला होता. परत निघताना स्वागताच्या टेबलाशी एक बाई लहान मुलीचा हात धरून उभी होती. टेबलापलीकडे, सुट्टीच्या गर्दीत मदतीला, त्याची मुलगी होती.

"मागे जाणारं जहाज हवंय," बाई म्हणाली. "मी लहान असताना बाबांबरोबर यायचे. हिला दाखवायला आणलंय."

"ती खोली आता नाही," मुलगी म्हणाली.

"नाही म्हणजे? तोडली? कोणाला ही बुद्धी झाली हो?"

कप्तान हत्यारांची पिशवी घेऊन दोन हात अंतरावर उभा होता. इतकी वर्षं जहाजाचं कौतुक करणारा कोणी पाहुणा आला, की मुलगी बापाला हाताला धरून पुढे ओढायची. हे माझे बाबा, यांनी केलंय ते. आता तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा त्या बाईकडे वळली.

"वाळवी लागली होती," ती म्हणाली. "आतून सगळं पोखरलं होतं. हे आमचे सुतार. यांनीच तपासलं."

बाईने आणि त्या छोट्या मुलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याची मुलगी किल्ल्यांच्या फळीकडे तोंड करून दुसरी कुठली खोली रिकामी आहे ते बघू लागली.

"हो," कप्तान म्हणाला. "पोखरलं होतं."