मोकळी ठेवा

बाईंना ती पहिल्यांदा दिसली ती पावलांपुरतीच. शाळेच्या वाचनालयातल्या लांब टेबलाखालून दोन पावलं बाहेर आलेली, एका मोज्याला अंगठ्यापाशी रफू, आणि आतून आवाज येत होता, "सात नंबर. ही सात कुठे जाते? हां, ऑफिसात जाते."

बाई भाषा शिकवत, वाचनालयही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी वाकून विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"वायरींशी," पावलं म्हणाली. "माणसांपेक्षा बऱ्या. विचारलं तेवढंच सांगतात."

बाहेर आली तेव्हा दिसलं, पस्तिशीची, सडपातळ, केसांत कोळिष्टक आणि दातांत पांढरा दोरा. शाळेच्या कॉम्प्युटरांची जोडणी बघायला तिला वर्षाच्या करारावर नेमलं होतं. दातांतला दोरा काढून तिनं वायरीला कापडाची एक चिठ्ठी बांधली. वडील शिंपी होते. खाली दुकान, वर घर. बेतलेल्या प्रत्येक कापडाला कोणाचं आणि कधी द्यायचं याची चिठ्ठी टाचायची, हे ती फ्रॉकच्या वयापासून करत आलेली. तीच सवय तिनं इथं आणली. अस्तराची उरलेली पट्टी, न पुसणारी शाई आणि वायरीच्या दोन्ही टोकांना गाठ.

"दोन्ही टोकांना कशाला?" बाईंनी विचारलं.

"एकाच टोकाला लिहिलं तर दुसऱ्या टोकाशी बसलेल्यानं काय करायचं?"

आठवड्याभरात मुलांनी तिचं नाव चिठ्ठीताई पाडलं आणि तेच राहिलं.

अक्षर तिचं सुरेख होतं, पण शुद्धलेखनाचा सगळा आनंदीआनंद. 'प्रार्थमीक', 'वाचनालया कडे'. बाईंनी दोनदा हटकलं, तेव्हा हसून म्हणाली, "बाई, वायरीला कळलं म्हणजे झालं."

वाचनालयाच्या कपाटात एक छोटा डबा होता. इमारतीतल्या वायरी त्याच्या भोकांत खोचलेल्या. तसाच दुसरा डबा ऑफिसात, आणि दोघांना जोडणारी एक लांब वायर. तिच्याशेजारून आणखी एक वायर आणून ठेवलेली, अडीअडचणीसाठी. ती ऑफिसच्या बाजूला जोडलेली होती, वाचनालयाच्या बाजूला नुसतीच लोंबत होती. तिच्यावर चिठ्ठी होती, 'मोकळि ठेवा'.

बाईंना राहवलं नाही. तीस वर्षं ज्या हातानं वेलांट्या सुधारल्या, तो स्वस्थ कसा बसणार? त्यांनी गाठ सोडली, नवी चिठ्ठी लिहायची म्हणून पेन शोधायला गेल्या, तेवढ्यात तासाची घंटा झाली. चिठ्ठी हातातल्या शब्दकोशात खूण म्हणून गेली, ती गेलीच.

बारा दिवसांनी शेवटच्या वर्गाचे गुण शिक्षण खात्याच्या कार्यालयात पाठवायचे होते. मुदत संध्याकाळी पाचची. गुण वेळेत गेले नाहीत, तर बासष्ट मुलांचा निकाल अडकणार होता. दुपारी बाई कपाट आवरत होत्या. लोंबणारं टोक दिसलं, शेजारी रिकामं भोक दिसलं. त्यांनी टोक भोकात बसवलं. टक्क असा आवाज झाला. कपाट कसं नीटनेटकं दिसायला लागलं.

पाच मिनिटांत ऑफिसातले कॉम्प्युटर गोठले. डब्यांवरचे हिरवे दिवे, जे एरवी आळीपाळीनं लुकलुकत, ते सगळे एकदम पिसाळल्यासारखे चमकायला लागले. मुख्याध्यापिका कपाळावर आठ्या घालून येरझारा घालत होत्या. "बोलवा तिला," त्या कारकुनाला म्हणाल्या, "आणि सांगा, करार पुढच्या महिन्यात संपतोय. आजच्या दिवशी हे असं होणार असेल, तर दुसरं कोणीतरी बघू."

चिठ्ठीताई स्कूटरवरून आली ती आधी शाळेच्या पलीकडच्या दोन्ही इमारतींत डोकावून आली. "तिकडे सगळं चालू आहे," ती बाईंना म्हणाली. "म्हणजे नाक्यापलीकडे ठीक. भानगड याच घरात आहे."

"नाका कुठला?"

"राउटर हो. तीन इमारती म्हणजे तीन घरं, मधे राउटरचा नाका." ती एकेक वायर चाचपत बोलत होती. "घरातल्या घरात माहितीचं पाकीट द्यायचं असेल तर आधी हाक मारायची, अमक्या पत्त्याचा कोण? सगळ्यांना ऐकू जातं, ज्याचा पत्ता तोच ओ देतो."

"हजेरीसारखं!"

"अगदी हजेरी. आणि कोण कुठल्या भोकातून बोललं, ते डबा लक्षात ठेवतो. पत्ता दुसऱ्या घरातला असेल, तर हाकबीक नाही, पाकीट सरळ नाक्यावर नेऊन द्यायचं. नाकेवाला बघतो कुठल्या घरचं, आणि पुढे धाडतो. पाकिटावर एक आकडा असतो. प्रत्येक नाक्यावर एकानं कमी होतो, शून्य झाला की पाकीट टाकून देतात. जन्मभर भटकत राहायला नको म्हणून."

"मग आता काय झालंय?"

"घरातल्या हाकेवर आकडा नसतो ना. एरवी लागतच नाही, हाक मारली आणि विरली. पण दोन डब्यांमधे दोन वाटा झाल्या, की एकीनं गेलेली हाक दुसरीनं परत येते. परत जाते. पुन्हा येते. थांबवणारं कोणी नाही. वर्गातल्या सगळ्यांनी एकमेकांची हजेरी घ्यायला सुरुवात केली, तर तुम्ही काय शिकवाल?" ती थबकली. "पण दुसरी वाट होईल कशी? मी तर चिठ्ठी लावली होती."

बाईंनी शब्दकोश काढला, उघडला. 'म'च्या पानात चिठ्ठी तशीच होती.

चिठ्ठीताईनं चिठ्ठीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, कपाटात हात घालून ते टोक उपसलं. दिवे शांत झाले. तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात आल्या.

"काय होतं?"

"एक वायर जास्त लागली होती," चिठ्ठीताई म्हणाली. "काढली."

"तुझी चूक ना?"

ती मान खाली घालून वायरीचं वेटोळं करत राहिली. अकरा महिन्यांची ओळख, बाईंचं नाव घ्यायला एक शब्द पुरला असता, आणि तो तिनं गिळला होता. माणसांपेक्षा वायरी बऱ्या, हे पहिल्या दिवशीचं तिचं बोलणं बाईंना आठवलं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "वायर मी जोडली. आणि जोडू नका असं हिनं लिहिलेलं मीच काढलं होतं."

"का पण?"

"वेलांटी चुकली होती."

मुख्याध्यापिकांनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली. हसावं की रागवावं ते त्यांना कळेना. "वेलांटी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग, "चार वाजायला आले. आधी गुण पाठवा."

चार वाजून वीस मिनिटांनी गुण पोचल्याचं उत्तर आलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जाताना चिठ्ठीताई बाईंना म्हणाली, "मोठ्या माणसांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं."

"माझ्यासाठी तू गप्प राहिलीस, ते त्याआधी," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या तिला अगं-तुगं करू लागल्या.

करार राहिला. पुढच्या शनिवारी ती अस्तराच्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आली. "घ्या बाई, आता तुम्ही सांगा, मी लिहिते. पण सोडायच्या नाहीत हं!" इमारतीतल्या एकशे चाळीस चिठ्ठ्या दोघींनी नव्यानं लिहिल्या. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडत, चहा गार करत, पाच शनिवार गेले. दोन वाटा झाल्या तर एक आपोआप बंद करणारे डबे तिनं मुख्याध्यापिकांच्या मागे लागून आणवले. "तुमच्या नावानं आणलेत," ती बाईंना चिडवायची.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी ती जुनी चिठ्ठी त्यांनी मुख्याध्यापिकांकडून मागून घेतली. ती आता परत त्याच शब्दकोशात आहे, चुकीच्या वेलांटीसकट. सुधारलेली नाही.

चिठ्ठीताई आता अकरा शाळांचं काम बघते. वडिलांच्या दुकानावरच राहते, आणि गुडघा दुखतो म्हणून टेबलाखाली शिरताना बुटकं स्टूल बरोबर नेते.