कुत्र्यांना अहो म्हणणारे आण्णा

आमचे आण्णा कुत्र्यांना अहो-जाहो करायचे. सगळ्यांना नव्हे हं, फक्त पाहुण्यांच्या कुत्र्यांना. "अहो टायगरसाहेब, जरा पल्याड सरकता का? झाडून घ्यायचं हाय," असं एका वासराएवढ्या कुत्र्याला हात जोडून म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा माझ्या लग्नाला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. मला वाटलं, ह्या घराण्यात वेड आहे आणि माझ्या बापाने नीट चौकशी केलेली नाही.

आण्णा म्हणजे माझे चुलत सासरे. मुळशीच्या धरणाच्या काठावर मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता. हवापालटाला येणाऱ्या लोकांना तो आठ-पंधरा दिवसांसाठी मिळायचा. आण्णा तिथले राखणदार, तेच माळी आणि तेच खानसामा. मी भाकऱ्या थापायला आणि भांड्यांना. ही पन्नास सालानंतरची गोष्ट, बंगल्यात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या होत्या आणि पाण्याला बैलगाडीवरचं पिंप होतं. पाहुणे व्हरांड्यात उभे राहून म्हणायचे, "काय सुंदर पाणी आहे!" आण्णा म्हणायचे, "व्हय साहेब. आमची विहीर बी तितंच हाय, तळाला. गोडं पाणी व्हतं." पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा विनोद करतोय. म्हातारा विनोद करत नव्हता. धरण झालं तेव्हा आण्णा ऐन विशीत होते. गाव गेलं, वावर गेलं आणि त्याच पाण्याकडे बघत बसणाऱ्या पाहुण्यांच्या खुर्च्या पुसायची नोकरी त्यांना मिळाली.

तर त्या अहो-जाहोचं कारण असं. माझ्या आधी कधीतरी मुंबईच्या एका बाईंचं कुत्रं बिछान्यावर चढलं म्हणून आण्णांनी त्याला "हाड" म्हटलं. बाई रडल्या. शेठजींचं पत्र आलं की पाहुण्यांच्या कुत्र्यांशी अदबीने वागावे. आण्णांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते शाळेतल्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "अदब म्हंजी किती?" गुरुजी म्हणाले, "मामलेदाराशी वागता तितकी." झालं. त्या दिवसापासून आण्णांनी मामलेदाराच्या मापाने अदब वाटली. कुणाला ते भाबडे वाटायचे, कुणाला बेरकी. मी चार-पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, मलाही नक्की सांगता येणार नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ज्येला काय काम न्हाई, त्येला मान तरी द्यावा. न्हाईतर त्येच्याजवळ ऱ्हातं काय?"

फाटकावर पाटी होती: 'कुत्र्यांस मज्जाव.' आता आत तर तीन-तीन कुत्री गादीवर लोळत असायची. पण मज्जाव गावच्या कुत्र्यांना, हे न लिहिताही सगळ्यांना कळायचं. आण्णांचं स्वतःचं कुत्रं दिवसभर फाटकाबाहेर बसून राहायचं. दुपारी आण्णा आपली भाकरी घेऊन फाटकाबाहेर जायचे आणि दोघं तिथे जेवायचे. "नियम म्हंजी नियम," म्हणायचे. "त्येला आत आणता येत न्हाई. पर मला भाईर जायाला कुटं बंदी हाय?"

असेच एका वर्षी मार्गशीर्ष लागता लागता मास्तर आले. पुण्याचे, तारखात्यातून निवृत्त झालेले, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. बरोबर माणूस कुणी नाही. होती एक तांबूस रंगाची गावठी कुत्री, तिच्या अंगाला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला लाकडी मूठ, आणि मूठ मास्तरांच्या हातात. परदेशात आंधळ्यांना कुत्री वाट दाखवतात हे त्यांनी डोळे असताना कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. डोळे गेल्यावर दोन वर्षं खपून त्यांनी रस्त्यावरचं पिल्लू तसं तयार केलं. तिचं नाव तांबू.

शेठजींची चिठ्ठी होती, मास्तरांना काही कमी पडू देऊ नये म्हणून. चिठ्ठीत कुत्रीचा उल्लेख नव्हता. आणि बंगल्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कुठल्याशा खात्याचे एक साहेब सहकुटुंब उतरलेले, त्यांचा प्रिन्स नावाचा अल्सेशियन वेताच्या खुर्चीत बसलेला. साहेब गरजले, "हे गावठी कुत्रं इथे कसं? पाटी वाचली नाहीत का?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "वाचली असती हो."

साहेब जरा ओशाळले, पण हटेनात. "प्रिन्सला काही रोगबीग झाला तर? आण्णा, नियम काय आहे?"

आण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग मास्तरांना विचारलं, "ही करती काय?"

"मला चालवते," मास्तर म्हणाले. "पट्टा अंगावर असला की ती कामावर. तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही आणि खायला तर मुळीच द्यायचं नाही. तिचं लक्ष गेलं की माझे डोळे गेले. पट्टा काढला की मग ती तुमची, हवे तेवढे लाड करा."

"म्हंजी ड्यूटीवर हाय," आण्णा म्हणाले आणि साहेबांकडे वळले. "साहेब, पाटीवर कुत्र्यांना मज्जाव हाय. ही कुत्रं म्हणून आलीच न्हाई, चाकरीवर आली हाय. चाकरमान्याला मागल्या दारानं मुभा हाय. म्या न्हाई का येत?"

साहेब प्रिन्सला घेऊन आत गेले. आणि त्या दिवसापासून मास्तरांसारखा चारचौघांत मानाचा पाहुणा माझ्या चुलीला वळसा घालून, स्वैपाकघरातून आपल्या खोलीत जायला लागला, कारण त्यांचे डोळे नोकर होते! मास्तर हसायचे. म्हणायचे, "बरं आहे, वासावरून कळतं आज काय आहे ते." आण्णा तांबूला मात्र अहो म्हणाले नाहीत. "अगं तांबे, चल गं, तुज्या मालकाचा च्या झाला," अशी सरळ हाक, तीही पट्टा काढलेला असला तरच. मी म्हटलं, "आण्णा, प्रिन्सला आवो आन हिला अगं?" तर म्हणाले, "ती पाव्हणी थोडीच हाय? आपल्यातली हाय."

दोन दिवसांत मास्तरांनी आपलं खरं दुखणं आम्हाला सांगितलं. मुलाचं म्हणणं, आंधळ्या माणसाने कुत्रीच्या भरवशावर हिंडू नये, ती कुणाला तरी देऊन टाकावी आणि बाबांनी घरात बसावं. बापलेकांत शेवटी ठरलं, की अनोळखी ठिकाणी मास्तरांनी आठ दिवस एकट्याने, तांबूच्या जोरावर काढून दाखवायचे. जमलं तर तांबू राहील. काही अपघात झाला, तर ती जाईल. "ती गेली तर मग मी खिडकीशी बसायचं," मास्तर म्हणाले, "आणि खिडकीतून मला काय दिसणार?" शेठजी त्या मुलाच्या ओळखीतले. इथलं बरंवाईट तिकडे पोचणारच होतं.

सहा दिवस छान गेले. रोज सकाळी मास्तर आणि तांबू काठाकाठाने हिंडून यायची. आण्णांनी काठावर नव्याने वसलेल्या आमच्या गावात दवंडी पिटावी तसं सांगून ठेवलं होतं, "पट्टा दिसला की तिच्या वाऱ्याला बी उबं ऱ्हायचं न्हाई. बैल औताला असताना त्येच्या तोंडाम्होरं कुणी वैरण धरतं का?" सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

सातव्या दिवशी चंपाषष्ठी आली.

आता ज्यांच्या घरी खंडोबा आहे त्यांना सांगायला नको. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, देवाचा नैवेद्य, आणि कुत्र्याला घास घातल्याशिवाय आपण तोंडात घास घालायचा नाही. कुत्रं म्हणजे देवाच्या बरोबरचं. दरवर्षी आम्ही दारातल्या कुत्र्याला घास घालतो. पण त्या वर्षी आंधळ्याला वाट दाखवणारी कुत्री गावात आलेली! बायकांचं एकच, "ही साधी न्हाई गं बया, देवानंच धाडलीया." मीच ताट घेतलं. भंडारा, रोडगा, रोडग्यावर तूप. पाठीमागे चार बायका. मास्तर फिरायला निघालेले, तांबूच्या अंगावर पट्टा. मला तो दिसला. नाही दिसला असं म्हणणार नाही. पण मनात आलं, माणसाचा नियम माणसाच्या जागी, आज देवाचा दिवस आहे.

मी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि घास पुढे केला. तांबूने आधी मास्तरांकडे बघितलं, मग घासाकडे. बिचारीने सहा दिवस तुपाचा वास पुरता टाळला होता. तिने घास घेतला. तेवढ्यात वासाने गावची चार कुत्री धावली, व्हरांड्यातून प्रिन्ससाहेब उडी मारून आले, गुरगुर, चावाचावी, बायकांचा आरडाओरडा. ताट माझ्या हातून पडलं. मूठ मास्तरांच्या हातून सुटली.

ती कुत्री सोडवण्यात आम्ही सगळ्या गुंतलो आणि मास्तर काय करताहेत हे कुणी पाहिलंच नाही. गोंगाटापासून दूर व्हावं म्हणून ते मागे सरकले, तर त्यांच्या पायाला घट्ट सपाट जमीन लागली. रस्ता सापडला ह्या समाधानात ते चालू लागले. रस्ता होताच तो. आमच्या बुडालेल्या गावाचा जुना गाडीरस्ता. बंगल्याच्या अंगाने उतरतो आणि सरळ पाण्यात जातो.

आण्णा वर बागेत होते. त्यांचा आवाज आला तेव्हा मास्तर गुडघाभर पाण्यात होते.

"मास्तर! हाय तितंच उबं ऱ्हावा! पाय उचलू नगा!"

मास्तर थिजले. "आण्णा, हा रस्ता कुठला?"

"आमच्या गावाला जातुया! पर तितं आता कुणी ऱ्हात न्हाई! मागं फिरा, उजवा हात माज्या आवाजाकडं करा. आता चाला. सावकाश. हितनं म्या हजारदा गाडी हाकलीया, दगूड न्हाई वाटंत."

बोलत बोलत आण्णा धावत खाली आले, पण त्यांच्या आधी तांबू पोचली. प्रिन्सच्या तावडीतून कान फाटून सुटलेली, रक्ताने आणि भंडाऱ्याने माखलेली. पाण्यात शिरून ती मास्तरांना आडवी उभी राहिली आणि मूठ त्यांच्या हाताला लागेपर्यंत जागची हलली नाही.

मास्तरांचं फक्त धोतर भिजलं. पण साहेबांनी त्याच दुपारी शेठजींना पत्र धाडलं, गावठी कुत्रीने म्हाताऱ्याला पाण्यात नेलं, प्रिन्सच्या नाकाला ओरखडा आहे, बंदोबस्त व्हावा. प्रिन्ससाहेब मात्र खुर्चीत बसून कोंबडीचं सूप पीत होते. मास्तर जाताना आण्णांचा हात धरून म्हणाले, "आता माझ्या शब्दाला घरी किंमत नाही. तिची बाजू घेणारच मी, असं म्हणतील."

चार दिवसांनी शेठजींचं पत्र आलं. काय घडलं ते कळवावे, कुत्रीचा दोष असल्यास मास्तरांच्या मुलास तसे सांगणे भाग आहे. आण्णांनी मला बसवलं. मी शाळेत कधी गेले नाही, पाहुणे टाकून जायचे त्या वर्तमानपत्रांवरून अक्षरं जुळवायला शिकले होते. पण पत्र म्हणून कागदावर काही लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

"लिव," आण्णा म्हणाले. "कुत्रीचा काय बी दोष न्हाई. तिची चाकरी चोख. ती ड्यूटीवर असताना माज्या हातनं तिला घास दिला गेला."

माझा टाक थांबला. "आण्णा, घास म्या दिला."

"लिवणारी तू, सांगणारा म्या. सांगतुया ते लिव."

"पर तुमीच गावाला बजावलं व्हतं. लोक काय म्हणतील?"

"लोक हसतील. हसून कुणाच्या अंगाला भोक पडत न्हाई. तुजं नाव लिवलं तर श्येट म्हणंल, बाईमाणूस, आडाणी, तिचं काय खरं! आन बोट पुन्ना कुत्रीकडंच जाईल. राखणदारानं कबूल केलं तर मानावंच लागंल. लिव."

मी लिहिलं. खाली त्यांनी अंगठा उठवला. त्या चार बायकांनाही त्यांनी खंडोबाची आण घालून हेच सांगायला लावलं.

महिना संपायच्या आत शेठजींचं उत्तर आलं. मास्तरांच्या मुलाला सर्व कळवले असून त्याची खात्री पटली आहे. मात्र पाहुण्यांच्या जिवाशी खेळणारा राखणदार बंगल्याला परवडणारा नाही, सबब आण्णांनी किल्ल्या नव्या माणसाच्या ताब्यात द्याव्यात. मी वाचत होते आणि अक्षरं ओली व्हायला लागली. आण्णा म्हणाले, "रडतीस कशाला? एकाची चाकरी जाणारच व्हती. तिची गेली असती तर संगं मास्तरचे डोळे गेले असते. माजी गेली, तर माजे डोळे हायेत की माज्यापाशी."

मग त्यांनी चार म्हशी राखल्या. मास्तरांचं पोस्टकार्ड दर दिवाळीला यायचं, हल्ली तांबू कुठवर हिंडवून आणते ते त्यात असायचं. मी ते मोठ्याने वाचायची आणि आण्णा "म्होरं?" म्हणायचे. साठ-बासष्टच्या सुमारास ते गेले. गावात अजून कुणी त्यांची आठवण काढली, की हसून म्हणतं, सगळ्यांना शहाणपण शिकवलं आणि घास घालायची चूक नेमकी स्वतःच केली. मीही त्या हसण्यात गप्प राहत आले, कारण त्यांनी शपथ घातल्यासारखं बजावलं होतं.

आता ज्यांच्यासाठी शपथ पाळायची त्यांतलं कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते. घास मी दिला होता.