आठातली पाच अक्षरं

ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि फर्मान काढलं: प्रत्येक फाइलचं नाव ‘श्री’ने सुरू झालं पाहिजे. कोऱ्या वहीवर आधी श्री लिहितात, तसंच. त्या मशीनवर नाव इंग्रजीत आणि फक्त आठ अक्षरांचं चालायचं. SHREE लिहिण्यातच पाच अक्षरं संपली. उरलेल्या तीन जागांत आकडे. श्री एक, श्री दोन, श्री एकशे बारा. कुठल्या फाइलीत काय आहे, ते उघडल्याशिवाय देवालाही कळलं नसतं.

मार्केट यार्डाजवळ आमचं लिफ्ट दुरुस्तीचं ऑफिस होतं. गोदामांतल्या माल चढवायच्या लिफ्ट आम्ही सांभाळायचो. मालक, दोन मेकॅनिक आणि टाइप करणारी मी. मेकॅनिक कामावरून आले की रिपोर्ट सांगायचे, मी टाइप करायचे. पुढच्या वेळी जो जाईल त्याला जुना रिपोर्ट छापून द्यायचा, अशी पद्धत.

मी एकदाच म्हटलं, “साहेब, नावात गोदाम आणि महिना घालू या. सापडायला बरं पडेल.”

मालक हसून म्हणाले, “तुमच्यात नसतं हो हे. आमच्यात असतं.”

आम्ही बौद्ध. मुद्दा फाइल सापडण्याचा होता, यांनी तो माझ्या जातीवर नेऊन ठेवला. मला इतका संताप आला की कान तापले. आणि मी काय केलं? गप्प बसले. परत बोलले तर पुन्हा तेच ऐकावं लागेल, म्हणून.

पुढे एकदा धाकट्या मेकॅनिकने एका गोदामाचा रिपोर्ट दिला आणि तो गावी गेला. दुसऱ्या दिवशी मी रजेवर होते. त्याच गोदामातून तक्रार आली. मालकांनी चारपाच श्री उघडले, कंटाळले आणि थोरल्या मेकॅनिकला म्हणाले, “जा हो, नेहमीचंच काम असेल.”

थोरल्या मेकॅनिकनी तिथे दोराला हात घातला आणि लिफ्ट घसरली. दोराबरोबर त्यांचा उजवा हात चाकात ओढला गेला. दोन बोटं गेली.

मालक म्हणाले, “श्रींची कृपा, जीव तरी वाचला.”

मग मात्र माझा तोल सुटला. “फाइल श्री उघडत नाहीत, आपण उघडतो,” असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि त्यांच्यासमोर बसून सगळी नावं बदलली. आधी गोदाम, मग महिना. संध्याकाळपर्यंत काम झालं. इतकंच काम होतं ते!

महिन्याभराने थोरले मेकॅनिक आले. म्हणाले, “ताई, त्या गोदामाचा कागद दाखवता?”

आता तो लगेच सापडला. छापून त्यांच्या डाव्या हातात दिला. एकच ओळ होती: ‘ब्रेक धरत नाही. लिफ्ट जागच्या जागी अडकवल्याशिवाय दोराला हात लावू नये.’

त्यांनी ती दोनदा वाचली.

“हे आपल्याकडे होतं?”

“होतं,” मी म्हटलं. “मीच टाइप केलं होतं.”