काहील उतरवायची वेळ

कोल्हापूर स्टेशनात गाडी हलली तशी आई रडायची थांबली आणि आबा चालायला लागले, माझ्या खिडकीचा गज धरून. बाकीच्यांचे बाप अशा वेळी 'तब्येतीला जप' म्हणतात. आमचे आबा गडमुडशिंगीचे नावाजलेले गुळवे, काहिलीत म्हणजे भल्या मोठ्या कढईत उसाचा रस आटवून गूळ करणारे. ते म्हणाले, "समदं शिकव त्यास्नी. पर काहील उतरायची येळ तेवढी सांगू नगंस. ती दिली की आपल्याकडं काय ऱ्हातंय?"

शिंगीतल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, हे मी आजवर आबा सोडून गावात कुणाला सांगितलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भारत आणि टांझानियाच्या सरकारांत करार झाला होता. आपली जाणती माणसं तिकडं जाणार, तिथल्या लोकांना धंदे शिकवणार. कागदावर मी गुळाचा 'तज्ज्ञ' होतो, शिक्षण सातवी पास. मोरोगोरोजवळच्या केंद्रावर दोन्ही देशांचे झेंडे लावले होते. त्यांच्यापुढं काहिलीसाठी चुलवाण खणताना माझं मलाच हसू आलं. सुरुवातीला जीव रमेना. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली गिळताना भाकरी आठवायची.

माझ्या हाताखाली जुमा होता. माझ्याच वयाचा, चार लेकरांचा बाप. रस गाळणं, वर येणारी मळी काढणं, जाळ सांभाळणं त्यानं भराभर उचललं. पण रस घट्ट होत आला की मी त्याला लाकडं आणायला पिटाळायचो. तो येईपर्यंत काहील खाली. पाण्यात थेंब टाकून गोळी जमते का बघायचं, एवढं त्याला दाखवलं होतं. पण आमच्या घरातली खरी खूण आवाजाची. खदखद थांबून जाडसर फट-फट सुरू झाली की काहील उतरवायची. गोळीची वाट बघत बसलं तर उशीर होतो.

केंद्र ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला दोन्हीकडचे अधिकारी आले. गूळ जुमानं एकट्यानं करून दाखवायचा होता. फट-फट सुरू झाली. जुमानं माझ्याकडं बघितलं. मी झेंड्यांकडं बघत राहिलो. तो गोळी बघत बसला आणि गूळ करपला.

साहेब लोकांनी मला जाब विचारला, तर जुमाच पुढं झाला. "फुंदीनं नीट शिकवलंय. मीच चुकलो." फुंदी म्हणजे कारागीर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन देश एकमेकांवर भरवसा टाकत होते आणि मी एका भल्या माणसाला फसवत होतो.

महिन्याभरानं परत बघू, म्हणून साहेब गेले. दुसऱ्या दिवशी मी जुमाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, त्याला काहिलीपाशी उभा केला आणि म्हटलं, "आता ऐक." तिसऱ्या काहिलीला त्यानं बरोब्बर हात वर केला. मग टॉवेल सोडून म्हणाला, "म्हणून लाकडं आणायला पाठवत होतास होय!" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

महिन्यानं त्यानं पिवळाधमक गूळ काढला. केंद्र राहिलं. आणखी गावं मागणी करायला लागली आणि दोन वर्षांसाठी गेलेला मी तिथलाच झालो. मागून बायको आली, पोरं तिथं झाली. आता ती उगालीबरोबर झुणका मागतात आणि आपसात स्वाहिलीत भांडतात. बायको म्हणते, निदान भांडण तरी कळू दे की मला.

केंद्र राहिलं तेव्हाच आबांना मी भीत भीत सगळं लिहिलं होतं. दीड महिन्यानं उत्तर आलं. "बरं केलास. आपल्या हिरीवरचं गुऱ्हाळ औंदा मोडलं. ऊस कारखान्याला जातोय. तुज्या थोरल्या भावाला ह्यातलं काय येत न्हाय, आन शिकायचंबी न्हाय." पुढं खुशाली होती. मी ते पत्र जुमाला स्वाहिलीत वाचून दाखवलं.

गाव सुटल्याचं वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. वाटतं की. पण दोन्हीकडं कुणीतरी वाट बघतंय, हे सुख थोडं नाही. गेल्या खेपेला शिंगीला जाताना जुमानं आबांसाठी गुळाची लहान ढेप बांधून दिली. आबांनी खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घोळवत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"कुणी केलाय?"

"जुमानं."

"आपलाच हाय की," आबा म्हणाले, आणि दुसऱ्या खड्यासाठी हात पुढं केला.