पत्रक अडकलं ते माझ्याच एका ओळीमुळे

रविवारी सहाला आमच्या दहिसरच्या चाळीची सभा होती, आणि पाच वाजता पत्रक बाबांच्या संगणकात अडकलं होतं. बिल्डरच्या माणसांनी चाळीच्या पुनर्विकासाला संमतीचे फॉर्म वाटले होते; त्यात नव्या घराचं क्षेत्रफळ लिहायची जागा कोरी. तरी लोक सह्या करायला तयार! कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, हे सांगणारं पत्रक सभेआधी लोकांच्या हातात पडलं नाही, तर सगळं संपलं.

बाबा गिरणी बंद पडल्यापासून पत्रकं लिहितात. बाराखडीआधी मला 'जाहीर निषेध' वाचता यायचं. त्यांच्या जुन्या संगणकावर मी हट्टानं विंडोज काढून लिनक्स बसवलं होतं, फुकट आणि कुणाच्याच मालकीचं नसलेलं. कंपनीच्या मेहरबानीवर आपण का जगायचं? आई शिकवण्या घेते. तिच्या लॅपटॉपवर मात्र विंडोज, आणि प्रिंटर लिनक्सवर चालत नसल्यानं त्यालाच जोडलेला. बाबांच्या संगणकाचं नाव मी 'कामगार' ठेवलं होतं. आईच्या लॅपटॉपवर ते नाव टाइप केलं की बाबांचं फोल्डर उघडायचं.

त्या दिवशी उघडेना. इंटरनेट दुपारपासून बंद. केबलवाला राउटर बंद-चालू करून 'उद्या बघतो' म्हणून गेलेला. पेन ड्राइव्ह बाबांनी कुणाला तरी देऊन टाकलेला.

"बघा, हे विंडोजवाले मुद्दाम करतात!" मी भडकले. "दुसऱ्याचं मशीन यांना चालतच नाही. ही मक्तेदारी आहे, मक्तेदारी!"

"अगो, तुझां भाषण पुरे झालां," आई म्हणाली. "पत्रक छाप आधी."

बाबा दारातून ओरडले, "खुर्च्या मांडल्या गं! किती वेळ?"

मी लॅपटॉपला विचारलं, 'कामगार' कुठे आहे? त्यानं घरच्या नेटवर्कवरचा एक नंबर दाखवला आणि म्हणाला, तिथे कुणीच नाही. मग बाबांच्या संगणकाला त्याचा नंबर विचारला. शेवटचे आकडे वेगळे! राउटर पुन्हा चालू झाल्यावर त्यानं नवे नंबर वाटले होते, इतकंच. पण मग लॅपटॉपला जुना नंबर सांगितला कुणी?

मी. वर्षापूर्वी घाईत, लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, 'कामगार'पुढे तो नंबर मीच हातानं लिहून ठेवला होता. विंडोज बिचारं माझंच ऐकत होतं. माझे कान तापले.

"काय झालां?" आई.

"चूक माझी आहे."

"कंपनीची नाय?"

"नाही गं!"

मी ती ओळ खोडली. हातानं नंबर लिहायची गरजच नव्हती. नावापुढे 'डॉट लोकल' जोडलं की घरातली मशीन्स एकमेकांना स्वतःच पत्ता सांगतात, नंबर कितीही बदलो. त्या नावानं 'कामगार'ला हाक मारायची आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं. लगेच उत्तर! एकामागून एक ओळी सरसर येऊ लागल्या, आणि मी खुर्चीवरून अशी उडाले की खुर्चीच पडली. "आला! कामगार आला!" लिनक्सनं हाकेला ओ दिली होती, विंडोजनं ती ऐकली होती, आणि मला दोघांचाही मुका घ्यावासा वाटत होता.

फोल्डर उघडलं, पत्रक सापडलं, प्रिंटर घरघरला. आई गरम कागद मोजून बाबांच्या हातात कोंबत होती, बाबा जिना उतरता उतरताच वाटत होते.

मी शेवटचा गठ्ठा घेऊन धावत खाली पोचले तेव्हा बिल्डरचा माणूस तळमजल्यावरच्या काकूंपुढे पेन धरून उभा होता. काकूंनी चष्मा लावला, आमचं पत्रक उघडलं आणि पेन हातानं बाजूला सारलं.

"थांब रे जरा. वाचतेय ना मी."