आमच्यात मुहूर्त नसतो

माझ्या पोरीनं दौंडचा मुलगा पसंत केला. माणसं हिंदू, पण लग्न चर्चमध्ये करायला राजी. मुलाचे वडील पंचांग घेऊन आमच्या गावी, न्हावऱ्याला आले, तर मी ऐटीत म्हणालो, "आम्ही ख्रिस्ती माणसं. आमच्यात मुहूर्त-बिहूर्त नसतो. कांदा निघाला की लग्न!" मार्चमधली तारीख मीच ठोकून दिली.

मग फादरांकडं गेलो. ते म्हणाले, "आबा, हा तर ईस्टरआधीचा उपवासकाळ. लग्न लावीन, पण वेदीवर फुलं नाहीत, वाजंत्री नाही. ईस्टरनंतर करा की."

जन्माचा ख्रिस्ती मी, आन् मला पत्ता नाही. खरं सांगायचं तर उपवासकाळ मला चर्चमध्ये कधी कळलाच नाही. बायको घरात मटण बंद करायची, मी ताटावर कुरकुर करायचो, तवा कळायचं. गेल्या पावसाळ्यात ती गेली. यंदा बंद करणारं कुणी नव्हतं, मी आपला खात राहिलो.

पोर म्हणाली, "पप्पा, फुलांबिगर नको. आईनं माझ्या लग्नासाठी परसात निशिगंध लावलाय."

दौंडला फोन लावला. व्याही हसायलाच लागले. "काय हो पाहुणे, तुमच्यात मुहूर्त नसतो ना?"

"नसतो कसा? बघणारी दुसरी होती. ती गेली."

हसणं थांबवून व्याही म्हणाले, "बरं, ईस्टर कवा हाय ते फादरांना विचारून सांगा. तुमच्या मनानं नको."